ओहोटी किती वाजता आहे? समुद्रकाठच्या कॉटेजमधले पावसाचे दिवस

समुद्रकाठी कॉटेज बुक करताना डोळ्यांपुढे ऊन असतं. मग पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी आभाळ गच्च भरून येतं आणि घरातल्या माणसांचे दोन तट पडतात. एक तट सारखा खिडकीशी जाऊन "आता थांबतोय वाटतं" म्हणत राहतो, दुसरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. दोघांचाही दिवस फुकट जातो, कारण दोघंही पाऊस संपायची वाट बघत असतात.

वाट बघायचीच तर ओहोटीची बघावी. पाऊस कधी उघडेल ते खात्रीने सांगता येत नाही. ओहोटीची वेळ मात्र कितीतरी आधीपासून तक्त्यात मिनिटापर्यंत दिलेली असते आणि ती पावसासाठी थांबत नाही. माझ्या मते समुद्रकाठचा पावसाचा दिवस त्या एका वेळेभोवती बेतावा: ओहोटीला बाहेर एक फेरी, आणि बाकीचा दिवस तिच्या अलीकडे-पलीकडे निवांत. फेरी जमायची असेल तर घरात कोरडेपणाची शिस्त हवी. म्हणून सुरुवात तिथूनच, थोडी रुक्ष वाटली तरी.

निघण्याआधी

बुकिंग करताना मालकाला एकच जादा प्रश्न विचारा: बसता येईल असा छप्पर असलेला व्हरांडा आहे का? पावसाच्या दिवशी निम्मा वेळ तिथेच जातो. समुद्राकडे तोंड करून असलेली मोठी काच असेल तर उत्तमच, पण व्हरांडा नसेल तर नुसती काच फार वेळ पुरत नाही.

कपड्यांत सुती कमी घ्या. भिजलेली जीन्स दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. पातळ सिंथेटिक कपडे लवकर सुकतात, आणि थंड ठिकाणी लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब धरून ठेवते. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड, पायमोज्यांसह, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. हा जोड घराबाहेर जायचा नाही, कितीही मोह झाला तरी. बाकी सगळं भिजलं तरी अंगावर घालायला काहीतरी कोरडं आहे एवढ्या भरवशावर माणूस बिनधास्त भिजू शकतो.

छत्रीच्या भरवशावर राहू नका. समुद्राचा वारा ती दहा पावलांत उलटी करतो. टोपीचा, मनगटाशी घट्ट बसणारा रेनकोट घ्या. शिवाय दोरी, चिमटे, जुनी वर्तमानपत्रं, एक जुनी चादर, टॉर्च आणि पॉवर बँक. पत्त्यांचा एक कॅट आणि एखादं जाड पुस्तक पुरे. खेळांची अख्खी पेटी नेणारे लोक ती बहुधा तशीच परत आणतात.

त्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता सगळ्या दिवसांसाठी आधीच उतरवून घ्या किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वादळात आधी नेटवर्क जातं, मग वीज.

पोहोचल्यावरचा पहिला तास

सामान सोडण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. वारा कुठल्या बाजूने येतोय, कुठल्या खिडकीतून पाणी आत येईल, पन्हाळी पालापाचोळ्याने तुंबल्या आहेत का, विजेचा मुख्य खटका कुठे आहे, हे सगळं उजेडात बघून घ्यायच्या गोष्टी आहेत. भिंतीवर ओल दिसली तर पलंग तिथून हातभर सरकवा.

मग दारापाशी सीमारेषा ठरवा. दारापासून दोन पावलांची जागा ओली, त्यापलीकडचं सगळं घर कोरडं. ओल्या भागात चादरीची घडी, चपलांसाठी वर्तमानपत्र आणि रेनकोट टांगायला खुंटी किंवा दोरी. ओल्या पायांनी ही रेषा कुणीच ओलांडायची नाही. पहिल्या दिवशी लोक हसतात; तिसऱ्या दिवशी अंथरुणात वाळू नसते तेव्हा हसणं थांबतं.

घर कोंदट होऊ नये म्हणून खिडक्या दिवसभर उघड्या ठेवण्याचा उपयोग नाही, बाहेरची हवाही दमटच असते. पाऊस उघडला की समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा आणि पुन्हा लावून घ्या. स्वयंपाक आणि आंघोळ चालू असताना मात्र तिथली खिडकी किंवा पंखा चालू हवा, कारण घरातली बरीचशी वाफ तिथूनच येते.

सकाळी आधी तक्ता, मग आभाळ

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, तेव्हा तिथला तक्ताच प्रमाण मानायचा.) पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं: पाणी वर फार चढतं आणि खालीही फार उतरतं. किनाऱ्यावर फिरायला हेच दिवस सगळ्यांत चांगले आणि सगळ्यांत जपून राहायचेही हेच. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा फरक कमी.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे नवख्या माणसाला माहीत नसतं. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशोब असा: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा चढ उरकतो. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जागचं हलतच नाही असं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. म्हणून फेरीला ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि ओहोटीच्या वेळी परतीला लागायचं.

पावसाळी हवेत या तक्त्यालाही एक दुरुस्ती लागते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने वर येते. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब १०१३ च्या आसपास असतो. तो ९९३ वर आला तर नुसत्या दाबामुळे पाणी वीसेक सेंटिमीटर जास्त. त्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे लोटत असेल तर आणखी भर. बऱ्याच मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. दर दोन तासांनी आकडा वहीत लिहिण्याचं काम घरातल्या एखाद्या चौकस मुलाकडे सोपवा. आकडा भराभर घसरायला लागला की त्या दिवशीची फेरी रद्द.

वाऱ्यासाठी उपकरण लागत नाही. १८०५ मध्ये फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने शून्य ते बारा अशी वाऱ्याची श्रेणी मांडली, ती खिडकीतून डोळ्यांनी वाचता येते. लाटांवर तुरळक पांढरे तुरे दिसले तर तीन. तुरे सगळीकडे आणि लहान झाडं डोलायला लागली तर पाच. तारा शीळ घालतात, छत्री हातात राहत नाही तो सहा, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. झाडांच्या काटक्या मोडून पडायला लागल्या की आठ, ताशी ६२ च्या पुढे. माझा स्वतःचा नियम: पाचापर्यंत वाळूवर खुशाल फिरावं, सहाला खडकांकडे आणि बांधाकडे फिरकू नये, आठला दार लावून पुस्तक उघडावं.

फेरी

हा दिवसातला खरा भाग. पावसात किनारा रिकामा असतो, वाळू घट्ट बसलेली असते, चालायला सोपं जातं. जाताना वाऱ्याला तोंड देऊन जा, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी राहतो. हे उलटं केलं की परतीची वाट नकोशी होते, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर.

बघायचं काय? ओळ बघायची. मागच्या भरतीने जिथवर मजल मारली तिथे कचऱ्याची, शेवाळाची, शिंपल्यांची एक लांब रेघ उरलेली असते. जोराच्या लाटांनंतर ती रेघ नेहमीपेक्षा जाड असते, कारण एरवी खोल पाण्यात राहणाऱ्या गोष्टी उपटून वर येतात: मुळाशी दगड चिकटलेलं शेवाळ, माशांच्या अंड्यांची रिकामी कवचं, दूरवरून तरंगत आलेल्या बिया, घासून गुळगुळीत झालेल्या काचा. अशी काच तयार व्हायला दशकं लागतात. ती पारदर्शक न राहता दुधाळ झालेली असते, कडा बोथट असतात. धारदार कडेची चकचकीत काच म्हणजे कालची बाटली. ती उचलून कचऱ्यात टाका, पुढच्या माणसाचा पाय वाचेल.

ओल्या उजेडात दगडांचे रंग खुलतात. तोच दगड घरी वाळला की राखाडी दिसतो आणि मुलांचा हिरमोड होतो. एक-दोन दगड पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवले तर रंग टिकतो. शिंपले उचलण्याआधी उलटून आत कुणी राहत नाही ना ते बघा, आणि मोठे शंख शक्यतो तिथेच राहू द्या. शंखातले खेकडे वाढले की मोठं घर शोधत असतात. खडकांतल्या डबक्यात डोकावताना दगड उलटलात तर हलकेच पुन्हा तसाच ठेवा. त्याच्या खालचे जीव उघड्यावर टिकत नाहीत.

हात लावू नये अशाही काही गोष्टी आहेत. मेलेली जेलीफिशसुद्धा डंख मारू शकते, तिच्या धाग्यांतल्या डंखपेशी बराच काळ जिवंत राहतात. वाहून आलेले बंद डबे, पिंपं, नळकांड्यांसारख्या वस्तू जिथल्या तिथे. पावसानंतर कड्याच्या अगदी पायथ्याशी आणि अगदी काठावर, दोन्हीकडे चालणं टाळा. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि दरड न सांगता येते. एखादी लाट बाकीच्यांपेक्षा दुप्पट वर येऊ शकते, म्हणून समुद्राकडे पाठ करून फोटो नको.

फोटो काढायचेच तर ढगाळ उजेड त्याला चांगला, कडक सावल्या पडत नाहीत. पावसाच्या रेघा हव्या असतील तर शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपास ठेवून मागे गडद पार्श्वभूमी घ्या; थेंब गोठवायचे असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद. थंड ठिकाणाहून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच पिशवीतून काढू नका, काचेवर वाफ धरते.

परतल्यावर

क्रम चुकवू नका. आधी सगळं ओल्या भागात उतरवायचं, मग कपडे गोड्या पाण्यातून काढायचे, मगच वाळत घालायचे. पावसाने आधीच धुऊन काढलेत, पुन्हा कशाला भिजवायचे असं वाटतं, पण लाटांच्या तुषारांतून कपड्यांत मीठ बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्रकाठी पावसात आर्द्रता त्याहून बरीच जास्त असते. म्हणून खारे कपडे कितीही टांगून ठेवले तरी दमटच लागतात. एकदा साध्या पाण्यात पिळून काढले की वाळतात.

पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर दाबलं की आणखी बरंच पाणी निघतं. दोरी पंख्याखाली बांधा, कपड्यांत वीतभर अंतर सोडा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दीड तासाने बदला. बूट शेगडीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. खोली गरम करायला कोळशाची शेगडी आत आणणं तर जिवावर बेतू शकतं: तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोबाइल खाऱ्या पाण्यात पडला तर लगेच बंद करा, तो जलरोधक असेल तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सोडून द्या, चार्जिंगच्या भोकात भुकटी आणि कण जाण्याचीच भीती.

घरातले तास

इथे माझं मत जरा वेगळं आहे: करमणुकीचा कार्यक्रम आखू नका. एका छपराखाली सहा माणसं दिवसभर एकत्र खेळत बसली की संध्याकाळी भांडण ठरलेलं. त्याऐवजी जेवणानंतर दोन तास शांततेचे ठेवा. ज्याने-त्याने आपला कोपरा धरायचा. वाचा, झोपा, पाऊस ऐका. दुपारची झोप हाही एक बेतच आहे. पत्ते आणि गप्पा दिवे लागल्यानंतर.

मुलांना मात्र काम लागतं, आणि पाऊस स्वतःच काम पुरवतो. सरळ उभ्या कडांचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं उघड्यावर, झाडापासून आणि छपरापासून लांब ठेवा आणि ठरावीक वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. मग कॉटेजच्या छपराचं क्षेत्रफळ पावलांनी मोजून हिशोब मांडता येतो: ५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पडला तर १,००० लिटर. पन्हाळीतून एवढं पाणी का धो-धो कोसळतं ते मुलांना सांगावं लागत नाही.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो. विल्सन बेंटली नावाचा अमेरिकेतल्या व्हर्मांटचा एक शेतकरी हिमकणांच्या छायाचित्रांसाठी ओळखला जातो. त्याने पावसाचे थेंबही मोजले होते आणि ती निरीक्षणं १९०४ मध्ये प्रसिद्ध केली. साधन काय, तर ताटातलं पीठ. पसरट ताटात चाळलेलं बारीक पीठ बोटाच्या दोन पेरांएवढं जाड पसरा, वर दुसरं ताट झाका. पावसात नेऊन झाकण दोन-तीन सेकंद काढा आणि परत ठेवा. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. काही तास वाळू द्या, चाळा, गोळ्या आकाराप्रमाणे लावा. भुरभुर पावसाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात, जोराच्या सरीतले काही पाच मिलिमीटरपर्यंत जातात. त्याहून मोठा थेंब पडता-पडताच फुटतो. सकाळच्या रिपरिपीचं आणि संध्याकाळच्या सरीचं ताट शेजारी ठेवलं की फरक नुसत्या नजरेला कळतो.

स्वयंपाक एकाच भांड्यात मंद आचेवर बराच वेळ शिजणारा काहीतरी करा. घर उबदार राहतं, वास दरवळतो आणि कुणी भुकेजून आलं तरी वाढता येतं. भांड्यावर झाकण आणि खिडकी किलकिली, एवढं सांभाळा.

गडगडाट झाला तर

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनाने भागा: तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि ते पुरेसं लांब नव्हे. गडगडाट कानावर येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून वाळूवरून लगेच घरात यावं. उघडा किनारा सपाट असतो, तिथे उभा माणूसच सगळ्यांत उंच. छत्री, झाड, होडीचा आडोसा, काहीही उपयोगाचं नाही. छपराच्या व्हरांड्यातही बसू नका. या वेळी आतच. शॉवर, नळ, तारेने जोडलेली उपकरणं टाळा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावर बाहेर पडावं.

रात्री वीज गेली तर मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरा. टॉर्च छताकडे तोंड करून पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीखाली ठेवला की उजेड पसरतो आणि पत्ते दिसतात.

उघडीप झाली तर

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्याकडे पाठ करून उभे राहा. जमिनीवरून ते दिसायला सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली असावा लागतो. मोजपट्टी साधी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब हवी. म्हणजे भर दुपारी बहुतेक वेळा शोधण्यात अर्थ नाही. सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. समुद्र कुठल्या दिशेला आहे त्यावरून ते पाण्यावर उमटेल की घरामागच्या टेकडीवर, ते आधीच सांगता येतं.

ऊन पडलं म्हणून लगेच पोहायला धावू नका. जोराच्या पावसानंतर ओढ्या-नाल्यांतून घाण पाणी समुद्रात येतं. दोन-तीन दिवस थांबावं, नदीच्या मुखापाशी तर नक्कीच. वारा पडला तरी लाटांचा जोर काही काळ टिकतो. लाटा फुटणाऱ्या पट्ट्यात मधेच एखादी गडद, शांत दिसणारी वाट असेल तर तिला फसू नका. तिथूनच पाणी जोराने आत समुद्रात ओढलं जात असतं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडावं.

आवरताना

निघायच्या आदल्या रात्रीपासून नवीन काही भिजवू नका. सकाळची फेरी करायचीच असेल तर अनवाणी, गुडघ्यापर्यंतच. ओलं सामान वेगळ्या पिशवीत, तोंड न बांधता. पिठाच्या गोळ्या, शिंपले वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांपासून लांब ठेवा. घरी पोहोचल्यावर सगळ्यात आधी तीच पिशवी रिकामी करा. बंद पिशवीत ओल्या कपड्यांवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके सहसा निघत नाहीत.